लेकरांकडं बघ, एवढ्यावर भागत नाही

नवरा गेलेल्या बाईला भेटायला आलेला जो तो तेच बोलून उठतो: लेकरांकडं बघ, मन घट्ट कर, दिवस जातील तसं दुःख हलकं होईल. भोकरदनला जा की परतूरला, जालना जिल्ह्यात हेच ऐकू येईल. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. पण ते दिवस जाताना तिच्यावर आपण आणखी काय काय लादतो, हे कुणी बोलत नाही.

जाणती माणसं म्हणतात, रूढींमुळे दुःखाला वाट मिळते. हे अर्धंच खरं आहे. सुतकात शेजारून पिठलं-भाकरी येते, रात्री बायका सोबतीला निजतात. त्यावर माणूस तगतं आणि हे टिकलंच पाहिजे. पण त्याच दिवसांत तिचे हात धरून बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी उतरवतात. काच मनगटात घुसते. यातून कुणाच्या दुःखाला वाट मिळाली? उद्या पुतणीच्या हळदीला पुढं यायचं नाही, एवढंच तिला बजावलं जातं. बायको गेलेल्या पुरुषाच्या अंगावरचं काही उतरत नाही. त्याला मात्र कुणी मोकळेपणी रडूही देत नाही, वर्षाच्या आत स्थळं आणतात.

ठरावानं रूढी मरत नाहीत, हाही आक्षेप ऐकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. अशा ठरावानं एका रात्रीत गाव बदलत नाही, कबूल. पण बांगड्यांना हात घालणाऱ्या म्हातारीला ‘राहू द्या’ म्हणायला घरातल्या एका लेकीला बळ येतं, आणि तेवढं बळ मला फार मोलाचं वाटतं.

दुःख हा मनाचा मामला आहे म्हणणाऱ्यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जावं. २००६ च्या शासन निर्णयानं ठरलेली मदत एक लाखाची: ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्यासाठी जमीन दाखवा, थकीत कर्ज दाखवा. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. ‘अपात्र’ शेरा आला की पैसे तर जातातच, पण नवऱ्याचं मरणच कुणी खोटं ठरवल्यासारखं तिला होतं. सातबाऱ्याचं दुखणं वेगळंच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यात बायको पहिल्या वर्गाची वारस आहे. वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते, आणि नेमके तेच महिने तिनं उंबरा ओलांडू नये अशी घरच्यांची अपेक्षा. तोवर दीर ‘बघू नंतर’ म्हणत राहतो. ज्या बाईला पायाखालची जमीन आपली की नाही हेच ठाऊक नाही, तिनं मन घट्ट करायचं ते कशाच्या जोरावर?

तिला नवऱ्याबद्दल बोलायचं असतं. वीज रात्रीची असली की तो मोसंबीला पाणी द्यायला कसा जायचा, शेवटच्या आठवड्यात जेवण कसं तुटलं होतं. आपण विषय बदलतो, तिला त्रास नको म्हणून. बदलू नये. तिला त्याचं नाव घेऊ द्यावं, पुन्हा पुन्हा तेच सांगू द्यावं.

जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेनं हेरवाडसारखा ठराव घ्यावा आणि त्यात आणखी एक कलम घालावं: तेराव्याच्या आत वारस नोंदीचा आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ग्रामपंचायतीनं तिच्या घरी जाऊन भरून घ्यायचा.