‘असा एखादा प्रसंग सांगा...’

‘मॅनेजरशी मतभेद झाले असा एखादा प्रसंग सांगा.’ हा प्रश्न ज्याला कधी विचारला गेला नाही असा आयटीवाला आता शोधूनच काढावा लागेल. उत्तरही सगळ्यांचं एकच. मतभेद झाले, मी डेटा मांडला, मॅनेजरला पटलं, प्रोजेक्ट वेळेआधी गेला आणि आता आमची छान दोस्ती आहे. राव, असा मॅनेजर खरंच कुठे असेल तर पत्ता कळवा, मी उद्याच जॉइन होतो!

यामागचं गृहीतक तसं बरं आहे. माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढे वागेल, म्हणून ‘काय कराल’ असं न विचारता ‘काय केलंत’ असं विचारायचं. उत्तराचा साचाही ठरलेला, स्टार: सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. अ‍ॅमेझॉनची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत (२०२१ पर्यंत १४ होती), आणि पोरं प्रत्येकासाठी एकदोन गोष्टी घोकून जातात. घोकणं आपल्याला नवीन थोडंच आहे! इंजिनिअरिंगची चार वर्षं दुसरं काय केलं? आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की गोष्टही तयार मिळते, रिझल्टच्या टक्क्यांसकट.

माझं म्हणणं एवढंच, की आपण विचारतो तसा हा प्रश्न वागणूक मोजत नाही. गोष्ट सांगायची हातोटी मोजतो, आणि तीही इंग्रजीतली.

मागच्या वर्षी मी एका पॅनेलवर होतो. समोर लातूरकडचा मुलगा, चार वर्षं प्रॉडक्शन सपोर्ट. रात्री दोनला बॅच जॉब अडकला की यालाच उठवायचे. लॉग दाखवला तर चूक दोन मिनिटांत पकडली पठ्ठ्याने. मग आला ‘ओनरशिप’चा प्रश्न. तो म्हणाला, ‘वी फाउंड द इश्यू, वी फिक्स्ड इट.’ शेजारच्या साहेबांनी शेरा मारला: वैयक्तिक योगदान स्पष्ट नाही. मी भांडलो, पण एकाविरुद्ध दोन. मुलगा गेला.

अहो, आपल्याकडे घरात कुणी ‘हे मी केलं’ म्हणालं की ‘पुरे झाला मोठेपणा’ असं ऐकावं लागतं. वीस-बावीस वर्षांचं हे वळण ४५ मिनिटांत कसं सुटणार? ‘त्यात तू नेमकं काय केलंस?’ एवढा एक जोडप्रश्न विचारायला साहेबांचं काय जात होतं?

आता कुणीतरी संशोधन काढणारच. काढा ना! श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या प्रसिद्ध पेपरात आखीव मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध ०.५१ आणि मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ दिलाय. २०२२ मध्ये सॅकेट आणि मंडळींनी तो ०.५१ खाली आणून ०.४२ केला, तरी आखीव मुलाखत यादीत सगळ्यात वर राहिली. पण हे श्रेय कशाचं? आखीवपणाचं! सगळ्यांना तेच प्रश्न, आणि कुठल्या उत्तराला किती गुण हे आधीच ठरलेलं. आपण त्यातला प्रश्न तेवढा उचलला आणि गुणांची पट्टी तिथेच ठेवली. पॅनेलवाला कॉलच्या दोन मिनिटं आधी रेझ्युमे उघडतो आणि नंतर ‘फील’वर आकडा टाकतो. याला आखीव म्हणायचं?

असो. विचारायचेच असतील तर हे प्रश्न विचारा, पण पट्टी आदल्या दिवशी लिहून काढा. ‘वी’ ऐकू आलं तर खोदून विचारा. आणि पोरगं इंग्रजीत अडखळलं तर सरळ म्हणा, मराठीत सांग, नाहीतर हिंदीत. रात्री दोनच्या कॉलवर आपण सगळे तेच बोलतो.