रजनीकांत आपला, मग चिचगडवाला कोणाचा?

होस्टेलमध्ये रजनीकांतचा पिक्चर लागला की कोणीतरी हमखास म्हणतोच, "अरे, हा आपला मराठी माणूस आहे!" खोटं नाही ते. शिवाजीराव गायकवाड हे त्याचं मूळ नाव. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूरचा. वडील पोलीस खात्यात. घरात मराठी, शाळेत अन् गल्लीत कन्नड. बसमध्ये कंडक्टरकी केली तीही बंगळुरातच. १९७३ मध्ये अभिनय शिकायला मद्रासला गेला, तिथे के. बालचंदर भेटले. त्यांनी नाव बदललं, तमिळ शिकायला लावलं आणि १९७५ मध्ये 'अपूर्व रागंगळ'मध्ये उभं केलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 'मुथू' तर १९९८ मध्ये जपानमध्येही गाजला!

आज कोरियन बँडचं वेड आहे. त्यातली लिसा थायलंडची. २०२२ मध्ये 'ब्लॅकस्वान'मध्ये गेलेली श्रेया लेंका ओडिशाची. दुसऱ्याच्या भाषेत जाऊन स्टार होणं आपल्याला भारी वाटतं. पण रजनीने हे पन्नास वर्षांपूर्वीच केलं.

हे सोपं नव्हतं बरं का. २००८ मध्ये होगेनक्कलच्या पाण्यावरून तमिळनाडू-कर्नाटक वाद पेटला, तेव्हा तो तमिळ बाजूने बोलला. लगेच कर्नाटकात 'कुसेलन' बंद पाडायची भाषा सुरू झाली, अन् शेवटी त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्याची घरं दोन, त्याला दोन्हीकडून विचारतात, "तू नेमका कोणाचा?"

आता आपल्याकडे वळू. मी चिचगडचा. देवरी तालुका, पुढे छत्तीसगडची हद्द. आमच्या बाजारात माणूस झाडीबोलीत भाव विचारतो, हिंदीत घासाघीस करतो, अन् बाजूला कोणी गोंडीत, कोणी छत्तीसगडीत, कोणी पोवारीत बोलत असतो. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण तोच पोरगा इथे येऊन 'पाणी'ला 'पानी' म्हणाला की अख्खी रूम हसते. "शुद्ध बोल ना बे!" महिनाभरात तो गप्प होतो. वर्षभरात घरचा फोन आला की बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलतो.

म्हणजे बंगळुरात जन्मलेला, तमिळमध्ये नाव काढलेला माणूस आपला. अन् गोंदिया जिल्ह्यातला पोरगा मात्र अर्धा मराठी? हा कुठला हिशोब? रजनीला आपण यश मिळाल्यावर आपलं म्हणतो. मग या पोराने आधी सुपरस्टार व्हायचं का?

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. ते आपल्या हातात नाही, मान्य. पण गॅदरिंग आपल्या हातात आहे. दरवर्षी हिंदी गाण्यांवर सोळा डान्स होतात, त्यात एक आयटम झाडीबोलीतल्या दंडारीचा, एक गोंडीतला बसवायला काय हरकत आहे? याच अंकात एक पान या बोलींना देता येईल. सरांनीही व्हायव्हात पोराची बोली नाही, उत्तर तपासावं.

२०२१ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना रजनीने बालचंदरांसोबत आपल्या बंगळूरच्या ड्रायव्हर मित्राचेही आभार मानले. जुनी गल्ली त्याने लपवली नाही. आपल्या शेजारच्या कॉटवरच्या पोरालाही ती लपवावी लागू नये, एवढंच.