अनुभव : निरंक

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखत बंद केली, तेव्हा वशिल्याची एक वाट बुजली असे मानावयास जागा होती. सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली, हरियाणा लोकसेवा आयोगासंबंधीच्या खटल्यात, सर्वसाधारण उमेदवारांसाठी तोंडी परीक्षेचे गुण १२.२ टक्क्यांपुढे नसावेत असे सुचविले होते. परंतु मुलाखत गेली ती काही कचेऱ्यांतून. राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत लेखी १७५० गुणांच्या जोडीला मुलाखतीचे २७५ गुण आहेतच. आणि खासगी नोकरीचे दार तर तिच्यावाचून उघडत नाही.

जालना जिल्हा १९८१ साली निर्माण झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ स्थापन केली आणि जालन्याचे नाव बियाण्यांशी जोडले गेले. पुढे भंगार वितळवून सळया घडविणारे पोलाद कारखानेही उभे राहिले. तरीही मंठा-परतूरकडचा पदवीधर जो अर्ज घेऊन तेथे जातो, तो बहुधा त्याचा नसतोच. झेरॉक्सच्या दुकानातील एकच मसुदा दहा जणांच्या नावांनी छापून निघतो : टक्केवारी, ‘छंद : वाचन व क्रिकेट’, आणि खाली वरील माहिती खरी असल्याची ग्वाही. घरच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर ज्याने चार हंगाम नराचे परागकण मादीच्या फुलावर हाताने टेकविले, कोणती ओळ कोणत्या दिवशी झाली याची वही ठेवली, तोच बियाणे कंपनीच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहितो! शेतातील काम हा अनुभव नव्हे, हे त्याला शिकविले कोणी? अर्जलेखन हा गाइडमधून पाठ करावयाचा प्रश्न ठरविणाऱ्या आपल्या शिक्षणानेच.

मग ‘स्वतःविषयी सांगा’ म्हणताच पाठ केलेली इंग्रजी वाक्ये येतात आणि दुसऱ्या प्रश्नाला संपतात. प्लॉटमधील भेसळीचे झाड कसे ओळखता, एवढे मराठीत विचारले तर तोच मुलगा दहा मिनिटे बोलेल. विचारणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावयास हवे. परदेशी पत्रव्यवहाराला इंग्रजी लागेल. भट्टीवरील पाळीच्या देखरेखीला ते का लागावे?

महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षात निदान एक तास हा ‘निरंक’ खोडण्यासाठी द्यावा. त्या जागी पीक, क्षेत्र, हंगाम आणि हाताखाली किती माणसे होती, एवढे लिहिले तरी पुरे. मुलाखतीतील पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो आणि त्याचे उत्तर पाठ करावे लागत नाही.