पायलटची फी: एकरकमी की टप्प्याटप्प्याने?

दुकान उघडताना आपण पहिल्याच दिवशी वर्षभराचा माल भरतो का? नाही. थोडा आणतो, गिऱ्हाईक बघतो, मग पुढची ऑर्डर. पण घरातल्या पोराला पायलट व्हायचं असलं की हाच हिशोब विसरतो. प्लॉट विकून सगळी रक्कम एका शाळेच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

इंग्लंड-युरोपात या दोन वाटांना नावं आहेत. इंटिग्रेटेड म्हणजे एकच शाळा, फुल टाइम, शून्यापासून कमर्शियल लायसन्सपर्यंत साधारण दीड-दोन वर्षं सलग. मॉड्युलर म्हणजे तुकड्यांत: आधी प्रायव्हेट लायसन्स, मग तास जमवणं, थिअरी, शेवटी कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग. शेवटी हातात येणारं लायसन्स तेच. आपल्याकडे एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम पहिल्या प्रकारात बसतात. डीजीसीएचे पेपर स्वतः देऊन फ्लाइंग क्लबमध्ये 200 तास पूर्ण करणं हे दुसऱ्याच्या जवळचं.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा चालू धंद्यातून निघणार असेल तर मॉड्युलरच.

कारण यात प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं. आधी क्लास 1 मेडिकल करून घ्या. तिथेच अडकलं तर नुकसान काही हजारांचं, घर गहाण पडत नाही. मग प्रायव्हेट लायसन्सपर्यंत जाऊन बघा, पोराला खरंच जमतंय का, आवडतंय का. आणि शाळा बुडाली तर? 2023 मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधली टेसाइड एव्हिएशन ही जुनी शाळा बंद पडली आणि विद्यार्थी अर्ध्यावर लटकले. अशा वेळी ज्याने आगाऊ कमी भरलं, त्याचं कमी बुडतं. एवढं साधं गणित आहे.

पण मॉड्युलर स्वस्त म्हणून उडी मारू नका. यात घड्याळ मागे लागतं. युरोपात थिअरीचे 13 पेपर सुटले की 36 महिन्यांत कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात यावं लागतं. मध्येच पैसे संपून चार महिने उडणं थांबलं तर हात बसतो, तेच धडे पुन्हा घ्यावे लागतात, त्याचे पैसे वेगळे. म्हणून एका टप्प्याची पूर्ण रक्कम बाजूला काढल्याशिवाय तो टप्पा सुरू करू नका. 'दिवाळीचा सीझन झाला की भरू' हे इथे चालत नाही बरं का.

इंटिग्रेटेडला मी हो कधी म्हणेन? धंद्याच्या भांडवलाला हात न लावता पैसा उभा राहत असेल तेव्हाच. सलग शिकण्याचा फायदा खराच आहे. मात्र एअरलाइनचं पत्र दाखवलं तर त्यातली अट वाचा. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी राहिली. शिकून तयार असलेल्यांनाही थांबावं लागलं. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

प्रवेश घेण्याआधी शाळेला तीन गोष्टी लेखी विचारा: उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, मध्येच सोडलं तर फी किती परत, आणि सांगितलेल्या आकड्यात ए320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग धरलंय की नाही. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन निघा.