जस्ताची गोळी आणि आंबील


‘प्रतिकारशक्तीसाठी रोज जस्ताची गोळी घ्या’ असे सुचवणारे पत्र वाचले. जस्ताअभावी टी-पेशी दुबळ्या पडतात, हे खरेच. पण १९५८च्या सुमारास संशोधक डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये जस्ताअभावी वाढ खुंटलेले जे तरुण आढळले, ते न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीवर जगत होते. धान्यातले फायटेट जस्त शोषू देत नाही. आपल्या ज्वारी-बाजरीतही ते आहे. मात्र मटकीला मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली की फायटेट घटते. पत्रलेखकांच्या सल्ल्यात आंबील नाही, गोळ्याच गोळ्या! जुलाब झालेल्या मुलांना १०-१४ दिवस जस्त देणे वेगळे. धडधाकट माणसाने ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातले तांबे घटून पांढऱ्या पेशीच कमी होऊ शकतात.
— एक वाचक, सोलापूर