जीप उंच करण्यापूर्वी

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा आणि भूम तालुक्यांतील गावे पाण्याने वेढली गेली, काही ठिकाणी माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला तेव्हापासून दारात एखादी उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी असावी असे वाटू लागले असेल तर त्यात नवल नाही. नवी गाडी परवडत नाही. साहजिकच दृष्टी जुन्या जीपकडे वळते. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक दशके हे वाहन गटविकास अधिकाऱ्यापासून बागायतदारापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडले.

कळंब तालुक्यातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशी एक जीप घेतली आणि मला विचारले, “सर, गॅरेजवाले चार इंच उचलून देतो म्हणतात. करून घेऊ का?” हा प्रश्न मिस्त्रीला विचारण्याचा, अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो का विचारावा, असे मला प्रथम वाटले. परंतु थोड्या चौकशीनंतर लक्षात आले की हा प्रश्न संयुक्त मागणीचा आहे. एक वस्तू घेतली की तिच्यासोबत दुसरी घ्यावीच लागते, आणि दुकानदार मात्र पहिलीचीच किंमत सांगतो!

जीप उचलण्याच्या रीती दोन-तीन आहेत. पाट्यांच्या टोकाचे शॅकल लांब करणे ही सर्वांत स्वस्त; पण शॅकल दोन इंच वाढविले तर गाडी जेमतेम एक इंच उठते. दुसरी रीत अधिक बाक असलेले नवे पाटे घालण्याची. तिसरी धाडसाची आहे. बहुतेक जुन्या जीपांत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते काढून ॲक्सलच्या वर बसविले की चार-पाच इंच एकदम मिळतात. गॅरेजवाल्यांच्या मनात बहुधा हेच असावे.

आता यातील खरी मेख अशी की, या तिन्ही रीतींनी गाडीचे अंग उठते, ॲक्सल तिळभरही उठत नाही. डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून जेवढा वर होता तेवढाच राहतो, आणि आमच्या काळ्या मातीत चिखलाला प्रथम टेकतो तो हा गोळाच. तो वर नेण्याचा उपाय एकच, मोठे टायर. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३२ इंचाचे घातले तर गोळा दोन इंच उठेल. म्हणजे अंग उचलण्याचा खरा उपयोग मोठ्या टायरला जागा करून देण्यापुरताच. आणि खर्चाची माळ येथूनच सुरू होते.

३२ इंचाचा टायर एका फेऱ्यात सातवा हिस्सा अधिक अंतर तोडतो. स्पीडोमीटर ३५ दाखवीत असेल तेव्हा जीप ४० ने धावत असते. इंजिनाला त्याच प्रमाणात चढ जड जातो, ब्रेकला गाडी थांबविणे जड जाते, आणि ॲक्सलच्या शाफ्टवरील पीळ वाढतो. काही जुन्या जीपांत मागच्या चाकाचा भार शाफ्टवरच असतो. तो तुटला की चाकच गाडी सोडून जाते. शिवाय अंग उठल्याने प्रॉपेलर शाफ्ट तिरका होऊन त्याचे क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात आणि स्टिअरिंगचा दांडा वाकड्या कोनात काम करतो. यांपैकी एकही खर्च ‘चार इंच उचलून देतो’ या वाक्यात नसतो.

उलटण्याचा धोका तर याहून गंभीर आहे. जुन्या जीपची दोन चाकांतील रुंदी चार फुटांच्या आसपास. रुंदी तेवढीच ठेवून उंची वाढविली की रामलिंगच्या घाटात वळण घेताना ती कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगण्यास पदवी लागत नाही. तीत मागे लेकरे बसलेली असतात. पुराचा उल्लेख वर आलाच आहे म्हणून सांगतो : वाहते पाणी दोन फूट असले तरी मोटार ओढून नेण्यास पुरे असते. उचललेली जीप चिखलातून निघेल. पूर आलेल्या ओढ्यात मात्र ती कोणी घालू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनी हेच कलम पुढे करील, हे ओघाने आलेच.

मग करावे काय? माझे मत असे की पैशाचा क्रम उलटा करावा. तीस वर्षे वापरलेले पाटे बसलेले असतात. ते बदलले किंवा ठोकून घेतले, बुश आणि पिना नव्या घातल्या, की गमावलेली उंची कायदा न मोडता परत मिळते. त्यानंतरचा रुपया ॲक्सलवर घालावा : शाफ्ट, बेअरिंग, सील, ब्रेक. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जागीच फिरू लागले की दुसरेही निकामी होते. हे टाळणारा लॉक बसविता आला, तर चिखलात तो चार इंचांपेक्षा अधिक कामी येईल. खडबडीत टायर मूळ मापाचेच घ्यावेत.

विद्यार्थ्याला हे फारसे रुचले नाही. उंच जीपचा रुबाब निराळाच, आणि रुबाबालाही मागणी असते हे मीच त्याला वर्गात शिकविले होते. तथापि परवा तो भेटला तेव्हा पाटे ठोकून झाले होते. जीप दीड इंच वर आली म्हणाला. शाफ्टचे काम उसाचे बिल आल्यावर.