डोक्यात जाणारा पोरगा

'द रोड' (2009) बघून आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन तक्रारी आल्या. एक, जग कशानं संपलं ते दाखवलंच नाही. दोन, तो पोरगा डोक्यात जातो.

पहिली सोडून द्या. कॉर्मॅक मॅकार्थीच्या 2006च्या कादंबरीतही कारण दिलेलं नाही. राखेतून चालणाऱ्याला कारण कळून करायचंय काय?

दुसरीनं माझी सटकली. बापलेकाचा गाडा चोरणारा सापडतो, तेव्हा बाप पिस्तूल रोखून त्याच्या अंगावरचे कपडे, पायातले बूटसुद्धा काढून घेतो. पोरगा रडून गयावया करतो. ग्रुपचा निकाल: बाप प्रॅक्टिकल, पोरगा येडा. एकानं तर स्वतःच्या टॉवरचा हिशेबच टाकला. जनरेटर आहे, टाकी आहे, गेटवर वॉचमन आहे, महिना आरामात निघेल.

गेटबाहेर कोण, ते त्यानं लिहिलं नाही. मी लिहितो. आम्ही. मी कफ परेडच्या मच्छीमार नगरातला. 2050पर्यंत नरिमन पॉइंटचा बहुतेक भाग पाण्याखाली जाईल, असं 2021मध्ये खुद्द तेव्हाच्या पालिका आयुक्तांनी सांगितलं होतं. म्हणजे हा सिनेमा आमच्यासाठी फार लांबचा नाही. आम्ही काही संत नाही, जेट्टीवर रोज भांडतो. पण वादळाचा बावटा लागला की ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचीही होडी ओढायला हात लावतो.

शेवटी बाप मरतो आणि पोराला एक अनोळखी कुटुंब सोबत घेतं. तिथं आमच्या ग्रुपमधला प्रॅक्टिकल माणूस भेटला असता, तर त्यानं आधी पोराचे बूट काढून घेतले असते.